ग्रामसभेत नुसतं बोलून काय होत नाय: गावातल्या सरकारी कामात आपलं म्हणणं घालायचं कसं

मी पहिल्यांदा ग्रामसभेत उठून बोललो तेव्हा चांगली दहा मिनिटं बोललो, टाळ्या पण पडल्या, मागून कोणीतरी "बरें उलयलो" (छान बोललास) म्हणालं आणि घरी येऊन मी बायकोला सांगितलं की आज सरपंचाला गप्प केला. एप्रिलचा महिना. विषय आमच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्याचा. काँक्रीट घालत होते आणि व्हाळावरचा (ओढ्यावरचा) जुना दगडी साकव, म्हणजे छोटा पूल, काढून तिथे एक ह्यूम पाईप (काँक्रीटचा गोल पाईप) टाकत होते, सहाशे एमएमचा, म्हणजे जेमतेम दोन फूट, आणि ज्याने तो व्हाळ पावसात बघितलाय त्याला सांगायला नको की एवढ्या भोकातून ते पाणी जायचं नाही. जुलैच्या ग्रामसभेत मागच्या सभेची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, वाचलं. माझ्या दहा मिनिटांचं एक वाक्य झालं होतं: "शेताकडील रस्त्याच्या कामाबाबत चर्चा झाली." बस. तोपर्यंत पाणी दोन घरांच्या बाल्कांवात (पुढच्या ओट्यावर) शिरून परत पण गेलं होतं.

पंचायतीचं नाव घेत नाही, आणि खरं सांगायचं तर चूक अर्धी माझी होती. मी गेलो तेव्हा वर्क ऑर्डर निघालेली, ठेकेदाराने पाईप आणून टाकलेले, आणि माझ्या हातात एक कागद नव्हता. नंतर तीन-चार वर्षांत धडपडत जे शिकलो ते नव्याने ग्रामसभेला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. गोव्याबद्दलच लिहितोय, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात.

आधी मतदार यादी बघा

साधी गोष्ट आहे पण इथेच बरेच जण अडकतात. ग्रामसभा म्हणजे पंचायत नव्हे. पंचायत म्हणजे निवडून आलेले पंच, आणि ग्रामसभा म्हणजे त्या पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस, १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यात असंच आहे. म्हणजे तुम्ही सभेला "जाता" असं नाही, तुम्ही त्या सभेचे मेंबर आहात. गोव्यात १९१ पंचायती आहेत, त्यातल्या तुमच्या पंचायतीच्या यादीत तुमचं नाव आहे का आणि कुठल्या वॉर्डात ते आधी तपासा. लग्न होऊन आलेल्या बायकांची नावं माहेरच्या गावात राहिलेली असतात, आमच्या घरात पण तेच झालं होतं, बायकोचं नाव सहा वर्षं पेडण्यात होतं. पत्ता बदलायला फॉर्म ८, नवीन नाव घालायला फॉर्म ६, ऑनलाईन होतं.

ज्यांचा फ्लॅट इथे आणि मत कोल्हापूरला त्यांनी ठरावावर हात वर करायला जाऊ नये, कोणीतरी उठून हरकत घेणार आणि ठरावच वादात जाणार. लेखी निवेदन मात्र कोणीपण देऊ शकतो, त्याला मतदार असायची गरज नाही.

काम कोणाचं ते शोधा

गावात खोदकाम दिसलं की आपण सरपंचाच्या घरी जातो. सरपंच सांगतो, "ते आमचं नाय, पीडब्ल्यूडीचं." पीडब्ल्यूडीत गेलो तर ते म्हणतात जलस्रोत खात्याला विचारा. हे टोलवाटोलवीच असते असं नाही, बऱ्याचदा खरंच तसं असतं. अंतर्गत रस्ते, गटारं, पंचायत हॉल हे पंचायतीचं किंवा झेडपीचं, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, व्हाळ, बंधारे, संरक्षक भिंती जलस्रोत खात्याच्या, मोठ्या बिल्डिंगी आणि पूल पुष्कळदा साधनसुविधा महामंडळाकडे म्हणजे आपण ज्याला जीएसआयडीसी म्हणतो त्यांच्याकडे. त्यात आमदार-खासदारांच्या फंडातून येणारी कामं वेगळी. आणि जमीन कोणाची हा अजून एक प्रश्न. गोव्यात मोकळी दिसणारी जागा कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामूहिक संस्थेची) असू शकते, देवस्थानची असू शकते, कुठल्यातरी भाटकाराची (जमीनदाराची) असू शकते आणि तिच्यात कूळ किंवा मुंडकार (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारे) पण असू शकतात. म्हणून सर्व्हे नंबर काढा आणि एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा) बघा, ऑनलाईन मिळतो. हे एवढं एक काम केलंत की निम्मी भांडणं सभेच्या आधीच मिटतात, किंवा कळतं तरी की भांडायचं कोणाशी.

एक युक्ती सांगतो. काम कोणाचंही असो, पंचायतीला बहुतेक वेळा त्याची माहिती असते कारण कुठेतरी एनओसी (ना हरकत दाखला) लागलेली असते. तेव्हा पंचायत सेक्रेटरीला विचारायचं, "या कामाला आपण एनओसी दिली का, कुठल्या पंधरवड्याच्या बैठकीत?" नुसतं "काम कोणाचं" विचारलं तर मान हलते, एनओसीचं विचारलं की रजिस्टर उघडतं.

वेळ गाठायची, हे सगळ्यात महत्त्वाचं

कुठलंही सरकारी काम एका दिवसात ठरत नाही. आधी कोणीतरी मागणी करतो, मग इंजिनियर येऊन जागा बघतो, एस्टिमेट होतं, मग प्रशासकीय मान्यता आणि खर्चाची मंजुरी (खात्यातली माणसं त्याला एए अँड ईएस म्हणतात), मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, आणि मग जेसीबी येतो. आपण गावकरी जेसीबीचा आवाज ऐकून बाहेर पडतो. आणि गंमत अशी की जेसीबी यायच्या वेळी बदलता येण्यासारखं जवळजवळ काही उरलेलं नसतं, कारण पाईप दोन फुटांचा की तीन फुटांचा हे एस्टिमेटमध्ये ठरलेलं असतं, त्याचे पैसे मंजूर झालेले असतात, ठेकेदाराने त्याचा रेट भरलेला असतो, आता तुम्ही कितीही बरोबर बोलत असलात तरी इंजिनियरला ते बदलायचं म्हणजे सुधारित एस्टिमेट, परत मंजुरी, परत वर जाणं, आणि तोपर्यंत मार्च संपतो. तो "बघूया" म्हणतो आणि निघून जातो. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

म्हणून एस्टिमेटच्या आधी घुसायचं. ते कसं?

पंचायतीच्या स्वतःच्या कामांसाठी दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा बनतो, जीपीडीपी. त्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते आणि पुढच्या आर्थिक वर्षात कुठली कामं घ्यायची ते त्यात लिहिलं जातं. हा आराखडा ग्रामसभेपुढे यायला लागतो. आमच्या सभेत हा विषय आला की अर्धा हॉल चहाला उठतो, कारण ऐकायला रटाळ वाटतं, यादी वाचतात नुसती. पण पुढच्या वर्षीची गटारं तिथे ठरतात. आराखडे आणि खर्च ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर चढतात, तिथे तुमच्या पंचायतीचं नाव निवडून मागच्या वर्षी काय धरलं होतं ते घरी बसून बघता येतं. एकदा बघाच, आपल्याच वाड्यावरचं असं काम सापडतं की जे आपल्याला माहीतच नव्हतं.

पैशाचं पण थोडं माहीत असलेलं बरं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती आणि ४० टक्केच मोकळी. त्यामुळे कोणी उठून "त्या बांधलेल्या पैशातून व्यायामशाळा बांधा" म्हणाला तर सेक्रेटरी नाही म्हणणार आणि तो बरोबर असणार. आपली मागणी कुठल्या खिशात बसते ते आधी सेक्रेटरीशी बसून विचारून घ्या. चिडून नको, दुपारी साडेतीनला वगैरे जा, गर्दी नसते तेव्हा.

साध्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी होतात, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या निमित्ताने खास ग्रामसभा असतात. नोटीस पंचायतीच्या बोर्डावर लागते. तो बोर्ड काचेच्या आत, कुलपात, आणि काचेवर धूळ. पंधरा दिवसांतून एकदा मोबाईलने त्याचा फोटो काढून वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं काम एका माणसाला लावून द्या. आमच्याकडे हे काम कॉलेजला जाणारी एक मुलगी करते, बसस्टॉप पंचायतीसमोरच आहे तिचा.

कागद मिळवा

आधी तोंडी मागा. खरंच. बऱ्याच सेक्रेटरी आणि ज्युनियर इंजिनियर लोकांना कोणी नीट विचारलं तर ते ड्रॉइंग दाखवतात. नाही दाखवलं तर माहिती अधिकार (आरटीआय) आहेच, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. अर्ज मराठीत चालतो, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा पण सरकारी कामात वापर धरलेला आहे, त्यामुळे इंग्लिश येत नाही म्हणून मागे राहू नका.

नवीन माणूस आरटीआयमध्ये हमखास एक चूक करतो, प्रश्न विचारतो. "हा पाईप लहान का घातला?" याला उत्तर येत नाही, कारण कायदा असलेली माहिती द्यायला सांगतो, कारणं शोधून द्यायला नाही. कागद मागा. मी दुसऱ्या वेळी असं लिहिलं होतं (मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट):

"अमुक वाड्यावरील शेतरस्ता व मोरीच्या कामाबाबत: १) एस्टिमेटची प्रत २) मंजूर ड्रॉइंगची प्रत ३) प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत ४) वर्क ऑर्डरची प्रत ५) या कामासाठी पंचायतीने दिलेल्या एनओसीची व तत्संबंधी ठरावाची प्रत. तसेच या कामाच्या फाईलची पाहणी करण्यासाठी दिवस व वेळ द्यावी."

शेवटचं वाक्य सोडू नका. फाईल समोर बसून बघता येते, पहिल्या तासाला पैसे नाहीत, आणि फाईलीत जे सापडतं ते प्रतींमध्ये कधीच येत नाही. मला त्यात साईट इन्स्पेक्शनचा रिपोर्ट दिसला, इंजिनियर जागा बघायला आला होता ती तारीख फेब्रुवारीतली होती. फेब्रुवारीत आमच्या व्हाळात म्हशी बसतात. त्या माणसाने कोरडा व्हाळ बघून पाईप ठरवला, आणि गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे काय त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण तेव्हा जागेवर त्याला "पाणी कुठपर्यंत येतं" सांगणारा कोणी उभा नव्हता.

जागेवर जा, टेप घेऊन

मग आम्ही उभे राहिलो. त्याच व्हाळावर खाली अजून एक मोरी होणार असं जीपीडीपीच्या यादीत दिसलं तेव्हा एका रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण गेलो, पन्नास फुटी टेप, वही, मोबाईल. आमच्यात एक आजी आहे, वय ऐंशीच्या पुढे, तिचं शेत व्हाळाला लागून. तिला खुर्ची नेली होती पण ती बसलीच नाही. तिने एका माडाकडे बोट केलं आणि म्हणाली, पाणी इथे, आणि त्या वर्षी इथे, दोन ठिकाणी. आम्ही खडूने खुणा केल्या आणि जमिनीपासून मोजलं, खालची खूण सव्वादोन फूट, वरची साडेतीनला थोडी कमी. व्हाळाची रुंदी तीन जागी मोजली. वर कोणाकोणाच्या घराचं आणि गटाराचं पाणी नव्याने व्हाळात सोडलंय ते पण लिहिलं, कारण डोंगराच्या बाजूला बांधकामं झालीत आणि पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं. प्रत्येक मापाच्या बाजूला टेप धरून फोटो.

एवढं सगळं एका पानावर आणलं. एका पानावरच आणायचं, दोन पानं कोणी वाचत नाही. वर हाताने काढलेला नकाशा, खाली मापं, खाली ज्यांनी पाणी बघितलंय त्यांच्या सह्या आणि वॉर्ड. हे पान घेऊन इंजिनियरला भेटलो तेव्हा त्याने पहिल्यांदा आमच्याकडे माणसं म्हणून बघितलं असं मला वाटलं. त्याला भांडण नको असतं, त्याला फाईलीत लावायला कागद हवा असतो.

लोक जमवण्याबद्दल एक. फक्त आपल्या ओळखीची माणसं नेऊ नका. आमच्या वाड्यावर देवळाच्या मंडपात बसून ठरवलं की झालं असं आम्हाला वाटायचं, पण व्हाळाच्या पलीकडे ख्रिस्ती वाडा आहे आणि खाली भाड्याच्या खोल्यांत बाहेरून आलेली कुटुंबं आहेत, पाणी तर आधी त्यांच्याकडे जातं. मग चिठ्ठी देवनागरीत, रोमी कोकणीत आणि हिंदीत अशी तीन प्रकारे काढली आणि बैठक शाळेच्या व्हरांड्यात घेतली. चवथीच्या आठवड्यात, शिगम्यात किंवा फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) दिवशी बैठक ठेवू नका, दोन माणसं येतील आणि दोघंही पंच व्हायला बघणारी असतील. तसं मला पण विचारलंच एकाने, "कितें रे, पंच जावपाक सोदता?" (काय रे, पंच व्हायला बघतोस?) हे ऐकायची तयारी ठेवा. पंचायतीची निवडणूक जवळ असली तर जास्तच.

ठराव लिहा, आधी द्या

भाषण विसरलं जातं, ठराव रजिस्टरात राहतो. आणि ठराव सभेत उठून सुचलेला नको, आठ-दहा दिवस आधी, जमल्यास त्याच्याही आधी, लेखी देऊन त्याची पोच घ्यायची. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर इनवर्ड (आवक) नंबर, तारीख, शिक्का. सेक्रेटरी रजेवर आहे म्हणून क्लार्क नुसतं "ठेवून जा" म्हणाला तर ठेवून येऊ नका, दुसऱ्या दिवशी जा. माझ्या पहिल्या निवेदनाला पोच नव्हती, ते कधीच कुठे सापडलं नाही.

एका ठरावात एकच मागणी. आमचा पहिला मसुदा असा होता की "गावातील सर्व गटारे, रस्ते व मोऱ्यांची योग्य ती दुरुस्ती तातडीने करण्यात यावी." याला सगळे हात वर करतात आणि काहीच होत नाही, कारण यात करायचं काय आणि कोणी ते नाहीच. दुसरा मसुदा:

"अमुक वाड्यावर सर्व्हे नंबर अमुक येथे प्रस्तावित मोरीचे एस्टिमेट करण्यापूर्वी संबंधित इंजिनियरने पंचायत व स्थानिक शेतकऱ्यांसोबत जागेची संयुक्त पाहणी करावी, सोबत जोडलेली पाण्याच्या पातळीची मापे विचारात घ्यावीत, आणि ड्रॉइंग अंतिम करण्यापूर्वी ते पंचायतीच्या नोटीस बोर्डावर लावावे. मांडणार: अमुक. अनुमोदन: अमुक."

बघा, यात "तीन फुटी पाईपच घाला" असं लिहिलेलं नाही. ते इंजिनियरचं काम आहे, आपण चुकीचा आकडा सांगून बसलो तर पुढे तोच आपल्या गळ्यात येतो. आपण पद्धत मागायची. अनुमोदन देणारा दुसऱ्या वॉर्डातला घ्या, आणि शक्यतो बाई असली तर बरं, आमच्या सभेत तरी बाई उठली की हॉल जरा शांत होतो.

सभेच्या दिवशी

वेळेवर जा, म्हणजे कोरमसाठी (किमान हजेरी पुरी व्हायला) थांबवतात तेव्हा तुम्ही आत असता. हजेरीच्या रजिस्टरात सही करा आणि नाव वाचता येईल असं लिहा. विषयपत्रिकेत तुमचा विषय शेवटी असतो, तेव्हा निम्मी माणसं जेवायला गेलेली असतात, म्हणून सुरुवातीलाच उठून शांतपणे विनंती करायची की विषय आधी घ्यावा. घेतलाच तर ठीक. नाहीतर आपल्या माणसांना थांबवून ठेवायचं, आम्ही एकदा चहा आणि भजी घेऊन गेलो होतो, पंचांनी पण खाल्ली.

बोलताना तीन मिनिटं. कोणाच्या बापाचं नाव नाही, मागच्या निवडणुकीचं काही नाही. त्यानंतर सरपंच म्हणेल, "ठीक आहे, बघूया." इथे बसायचं नाही. हात जोडून विचारायचं, "ठराव मतदानाला टाकावा, आणि किती जण बाजूने किती विरोधात ते मिनिट्समध्ये लिहावं." आणि लिहिलेलं तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगायचं. सेक्रेटरीला राग येतो थोडा. येऊ दे. हे वाचून दाखवणं मी पहिल्या वेळी मागितलं असतं तर "चर्चा झाली" असं वाक्य आलंच नसतं.

विरोध झाला तर तो पण नीट लिहून घ्या. आमच्या ठरावाला एका शेतकऱ्याचा विरोध होता, मोरी मोठी केली तर खालच्या बाजूला त्याच्या शेतात पाणी जोरात येणार आणि बांध फुटणार म्हणून. त्याचं बरोबर होतं. आम्हाला कोणालाच ते सुचलं नव्हतं. मग ठरावात "मोरीच्या खालच्या बाजूस बांधाला पिचिंग" (दगडांचं अस्तर) हे घातलं आणि तोच माणूस अनुमोदक झाला.

नंतरचं काम, जे कोणी करत नाही

पंधरा दिवसांनी मिनिट्सची प्रत घ्या. ठरावाची प्रत जोडून संबंधित खात्याच्या असिस्टंट इंजिनियरला आणि बीडीओला (गटविकास अधिकाऱ्याला) स्वतःचं पत्र द्या, पोचसकट, पंचायत पाठवेल या भरवशावर राहू नका. कायद्यात ग्रामसभेने देखरेख समित्या नेमायची सोय आहे, पंच नसलेल्या माणसांच्या, पंचायतीच्या कामांवर लक्ष ठेवायला. लोक सुपरवायजरी कमिटी म्हणतात. बऱ्याच गावांत ती कागदावर असते. तिच्यात नाव घाला, एखादा रिटायर्ड ओव्हरसियर किंवा गवंडीकाम कळणारा माणूस घ्या, आणि काम चालू असताना काँक्रीटच्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा. भांडायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि फोटो काढायचे. काम संपल्यावर ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत असते, ती किती ते वर्क ऑर्डरमध्ये असतं, पहिल्या पावसात काही उखडलं तर ती मुदत संपायच्या आत लेखी कळवा.

मोठे प्रकल्प असले तर

इथे मैदान वेगळं. विमानतळ, खाण, मोठं बांधकाम याला पर्यावरण दाखला लागतो आणि त्यातल्या विमानतळ-खाणींसारख्या बऱ्याच प्रकल्पांना २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, किमान ३० दिवस आधी नोटीस पेपरात येते, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. या सुनावणीला कोरम नसतो, चार माणसं आली तरी झाली म्हणून धरतात, त्यामुळे बहिष्कार घालताना दोनदा विचार करा. ईआयएचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असायला हवा, तो आधी वाचा आणि बघा की तुमच्या गावची झर, तळी, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन), देवराई त्यात आहे का. अहवालात काय सुटलंय यावर केस उभी राहते. मोपाच्या विमानतळाचा पर्यावरण दाखला सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये अडवला तो अशाच त्रुटींवरून. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी घालून वाट मोकळी झाली आणि विमानतळ झाला, ते आपण बघतोच, पण प्रश्न लिहून ठेवले होते म्हणून कोर्टाला ते परत विचारावे लागले.

जमिनीचा झोन बदलण्याची प्रकरणं नगरनियोजन खात्याकडे. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खाली एखाद्या सर्व्हे नंबरचा झोन बदलायचा प्रस्ताव राजपत्रात येतो आणि हरकती-सूचनांना ३० दिवस असतात. राजपत्र गुरुवारी निघतं, खास अंक मधेच कधीही. आपल्या गावाचं नाव त्यात शोधायचं काम पण कोणा एकाकडे द्या, अगदी बोर्डाच्या फोटोसारखं. ३० दिवस म्हणजे फार वाटतात पण आपल्याला कळेपर्यंत वीस गेलेले असतात.

सरकारी प्रकल्पासाठी खाजगी जमीन घेणार असतील तर २०१३ चा भूसंपादन कायदा, त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्याची जनसुनावणी आहे, आणि प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला ६० दिवस. अभ्यासातून सूट दिलेली पण प्रकरणं असतात, ती आदेशात बघून घ्या.

आणि रस्त्यावर उतरण्याबद्दल. गोव्यात ते पण झालंय आणि त्याने गोष्टी बदलल्यात, प्रादेशिक आराखडा २०११ (जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा, २०११ पर्यंतचा आराखडा) लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये मागे घेतला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्रं) रद्द करायची घोषणा झाली, सत्तरीत मेळावलीच्या लोकांनी आयआयटी जानेवारी २०२१ मध्ये परत पाठवली. पण या सगळ्यात गावोगावच्या लोकांकडे नकाशे होते, सर्व्हे नंबर होते, हे विसरू नका. त्यानंतरच्या प्रादेशिक आराखडा २०२१ च्या वेळी नकाशे गावात आले होते आणि लोकांनी त्यावर सूचना दिल्या होत्या, आमच्या गावातल्या एका मास्तरांनी तेव्हा पेन्सिलने व्हाळ काढून दिले होते, ती झेरॉक्स आम्हाला परवा उपयोगी पडली.

शहरात राहत असाल तर

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, इथे ग्रामसभा नाही. घटनेत वॉर्ड समित्या आहेत पण त्या तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांना सक्तीच्या, आणि गोव्यात एवढं मोठं शहर एकही नाही, पणजी महापालिका क्षेत्रच २०११ च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आसपास. तेव्हा शहरवाल्यांना नगरसेवक, लेखी निवेदन, आरटीआय आणि ओडीपीच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) हरकती एवढंच हाताशी. त्यातल्या त्यात वॉर्डाची अनौपचारिक बैठक महिन्यातून एकदा लावा आणि तिची टिपणं नगरसेवकाला पोच घेऊन द्या.

आमच्या दुसऱ्या मोरीचं विचाराल तर संयुक्त पाहणी झाली, यावेळी ऑगस्टात, भर पावसात, इंजिनियर पँट गुडघ्यापर्यंत वर करून माडाजवळ उभा होता आणि आजी बांधावरून त्याला अजून वर, अजून वर असं सांगत होती. एस्टिमेट बॉक्स मोरीचं, म्हणजे पाईपाऐवजी चौकोनी काँक्रीटच्या मोरीचं, झालंय. टेंडर अजून निघालं नाही, दर सोमवारी आमच्यातला एक जण जाऊन विचारून येतो. पन्नास फुटी टेप सध्या शेजारच्या वाड्यावर गेलीय, त्यांच्या शाळेमागचं गटार मोजायला.